चित्तसंभूत जातक आणि भाषेचा वर्ग

कलकत्त्यास १८६३ साली जन्मलेले डब्ल्यू. एच. डी. राऊस हे १९०२ ते १९२८ या काळात केंब्रिजच्या पर्स शाळेचे मुख्याध्यापक होते. लॅटिन-ग्रीकदेखील त्याच भाषेत बोलून शिकवावी, भाषांतराचा आधार घेऊ नये, हा त्यांचा आग्रह. शिक्षकांच्या उन्हाळी वर्गांतून त्यांनी त्याचा प्रसार केला. आणि हेच राऊस पालि जातकांचे भाषांतरकार! कॉवेल यांनी संपादिलेल्या सहा खंडांपैकी चौथा (१९०१) त्यांचा आहे.

त्या खंडात चित्तसंभूत जातक आहे. उज्जैनीचे दोन चांडाळ मावसभाऊ. दोन श्रीमंत मुली त्यांना पाहून डोळे धुतात, लोक भावांना बडवतात. तेव्हा ब्राह्मणवेषाने ते तक्षशिलेस शिकू लागतात. एका भोजनात गरम खिरीने धाकट्याचे तोंड पोळते, भान सुटते आणि चांडाळांची बोली बाहेर पडते. थोरलाही त्याच बोलीत उत्तर देऊन जातो. सहाध्यायी दोघांना मारून हाकलतात. धाकटा विद्येत मागे राहिला होता. थोरला मात्र पारंगत झाला होता.

इंग्रजी शाळांसाठी मात्र माकड-मगर आणि बडबडे कासव निवडले गेले. एलेन बॅबिट यांच्या १९१२ च्या संग्रहात त्या आहेत, चित्तसंभूत नाही. जातकाला नीतिकथा म्हणणाऱ्यांनी कोणती नीती उचलली, हे आम्हांस यातून दिसते.

इंग्रजीच्या भावी शिक्षकांना अनुवादासाठी उतारा निवडावयाचा झाल्यास आम्ही हाच निवडू. त्या पोळलेल्या तोंडची बोली कोणत्या इंग्रजीत लिहावी, हे त्यांनी वर्गात ठरवावे.