वाफेचा गुण आणि वाफेचा दोष

मोटारीचा इतिहास सांगताना वेगाचे विक्रम आणि कारखान्यांची भरभराट ह्यांचाच पाढा बहुधा वाचला जातो. परंतु रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाडीलाही इतिहास असतो. सकाळी गार असताना चटकन सुरू होणारी, पन्नास मैल निमूटपणे धावणारी जुनी गाडी चहापुरती थांबवावी आणि पंधरा मिनिटांनी तिने दाद देऊ नये. अर्ध्यापाऊण तासाने मात्र काहीच न घडल्याप्रमाणे ती सुरू व्हावी, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांना नवा नाही. ह्या लहरीपणापायी निर्दोष बॅटऱ्या आणि स्टार्टर बदलले जातात, आणि टॅक्सीवर पोट असणाऱ्याचा दिवस बुडतो तो वेगळाच. वस्तुतः ही लहर नव्हे. तिचे मूळ पेट्रोलच्या स्वभावात आहे.

पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले अगदी हलके घटक सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. ही चंचलता हाच ह्या इंधनाचा मोठा गुण होय. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळली जाई. १८८८ साली त्याची पत्नी बर्था बेंझ मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्याने बनविलेल्या गाडीतून गेली. वाटेत विस्लॉख येथील औषधालयातून तिने लिग्रोइन हे इंधन विकत घेतले आणि तुंबलेली इंधननळी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि इंधनव्यवस्थेची वाटेवरची दुरुस्ती ह्यांची गाठ अशी प्रथमपासूनच पडली आहे. पुढे १८९३ साली विल्हेल्म मायबाखने बारीक छिद्रातून इंधन फवारणारा कार्ब्युरेटर आणला आणि एक नियम कायम झाला: जेटपर्यंत पेट्रोल द्रवच राहिले पाहिजे आणि जेटनंतर त्याची वाफ झाली पाहिजे. पुढच्या साऱ्या कटकटी ह्या नियमाच्या उल्लंघनातून जन्मल्या.

आरंभीच्या अनेक गाड्यांत पेट्रोल उंचावरच्या टाकीतून आपल्याच भाराने खाली येई. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ची टाकी आसनाखाली होती, टाकीत पेट्रोल कमी असले की उभा चढ गाडी उलटी घालून चढावा लागे. ही गैरसोय टळावी, म्हणून टाकी मागे खाली गेली आणि पेट्रोल वर खेचणारा पडद्याचा पंप इंजिनाच्या अंगावर बसला. सोय झाली, पण तीत एक खोट राहिली. पंप ओढतो तेव्हा नळीतील दाब घटतो, आणि दाब घटला की द्रव कमी उष्णतेतच उकळतो. शिवाय पंप बसला तोही तापलेल्या लोखंडाला चिकटून! नळीत वाफेचा फुगा धरला की पंप तो नुसता दाबतो आणि सोडतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. ह्यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. १९३२ सालच्या फोर्ड व्ही-८ मध्ये पंप इंजिनाच्या माथ्यावरच होता आणि ती गाडी ह्या दुखण्याबद्दल पुढे बदनाम झाली. अमेरिकेत लोक इंधननळीला कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे लावीत. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी ह्या गाड्यांतही असाच पंप असे. घाट चढून थांबलेल्या गाडीच्या पंपावर ओले फडके टाकण्याची आपल्या चालकांची रीत चिमट्यांहून अधिक शास्त्रशुद्ध होती, असे आम्ही म्हणू. कारण ओल्या फडक्यातले पाणी वाफ होताना पंपाची उष्णता खरोखरच घेऊन जाते.

परंतु तापलेल्या गाडीच्या हट्टाचे हे एकच कारण नव्हे. इंजिन बंद झाले की पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता थांबत नाही. ती वर चढते. म्हणून बंद गाडीचा कार्ब्युरेटर चालत्या गाडीच्या कार्ब्युरेटरपेक्षा अधिक तापतो. त्याच्या वाटीतले पेट्रोल उकळून जेटमधून आत सांडते आणि इंजिन पेट्रोलने गुदमरते. म्हणजे लक्षण एक, पण दुखणी परस्परविरुद्ध: एकात इंजिन उपाशी, दुसऱ्यात त्याला अजीर्ण! एकाचा उपचार दुसऱ्याला घातक ठरतो.

म्हणून जाणता मिस्त्री आधी ठिणगी पाहतो, कारण तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही हुबेहूब हेच सोंग आणते. ठिणगी ठीक असेल, तर इंजिन बंद ठेवून तो एअर क्लीनर काढतो आणि ॲक्सिलरेटर एकदा दाबून कार्ब्युरेटरच्या घशात पाहतो. पिचकारी उडाली नाही आणि प्लग कोरडे निघाले, तर उपासमार; मग पंप आणि नळी गार करावी, टाकीचे हवेचे छिद्र व नळीचे सांधे तपासावेत. पेट्रोलचा उग्र वास आला आणि प्लग ओले निघाले, तर अजीर्ण. मग चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, पुन्हापुन्हा पंप मारू नये, आणि स्टार्टर फिरवून जादा पेट्रोल बाहेर जाऊ द्यावे. हे सारे काडी आणि विडी दूर ठेवून करावे, हे सांगणे नलगे. तापलेल्या इंजिनावर वरून पेट्रोल ओतण्याचे साहस जिवावर बेतू शकते.

पुढे कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. विजेचा पंप टाकीपाशी किंवा टाकीतच बसला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलू लागला. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही. तरीही दुखणे समूळ गेले नाही. बॉशच्या १९७३ सालच्या के-जेट्रॉनिक व्यवस्थेत गाडी बंद झाल्यावरही नळ्यांत दाब टिकावा, म्हणून एकमार्गी झडप आणि दाब साठविणारे ॲक्युम्युलेटर हे पात्र असते. त्यांपैकी एक जरी गळू लागले, तरी दाब उतरतो, पेट्रोल उकळते आणि तापलेली गाडी पुन्हा रुसते. येथे ओले फडके कामाचे नाही. दाबमापक लावून बंद गाडीतील दाब किती वेळ टिकतो, हेच पाहावे लागते.

ह्या इतिहासाला आज नवे महत्त्व आले आहे. पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळले तरी मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, आणि भारतात इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या पंपांचे रबरी पडदे आणि नळ्या ह्या इंधनासाठी घडलेल्या नव्हत्या. दुसरीकडे, पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला, आणि नुसत्या वासावरून उपास की अजीर्ण हे ओळखणारे मिस्त्रीही विरळ होत चालले आहेत. गाड्या उरल्या आणि त्यांचे वैद्य गेले, तर त्या गाड्या केवळ शोभेच्या वस्तू होतील. ते ज्ञान आमच्या मते लिहून ठेवण्याजोगे आहे, आणि त्याचे सार फार मोठे नाही. ज्या वाफेवर इंजिन चालते, तीच वाफ अस्थानी झाली की त्याला अडविते. म्हणून तापलेल्या गाडीपुढे ‘काय बदलू?’ हा प्रश्न नंतरचा, ‘वाफ कोठे झाली?’ हा आधीचा.