मोटर जोडलेल्या सायकलीचे मागील दंतचक्र

सायकलीला दोन-स्ट्रोक इंजिन जोडल्यावर त्याची गती मागच्या चाकाला देणारे दातेरी चक्र. पायडलची चेन उजव्या बाजूस असल्याने हे चक्र चाकाच्या डाव्या बाजूस बसवतात. प्रचलित संचात त्याला बहुधा ४४ दाते असतात व त्यावर १२.७ मिमी. अंतराची चेन चालते.

नेहमीच्या पद्धतीत चक्र स्पोकांना आवळतात. स्पोकांच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस रबराची एकेक चकती येते. आतली चकती एका ठिकाणी कापून हबभोवती सरकवतात व तिच्यामागे लोखंडी पट्ट्या ठेवतात. बाहेरच्या चकतीवर चक्र येते. नऊ बोल्ट स्पोकांमधील फटींतून ओवतात. ही मांडणी ३६ स्पोकांच्या चाकाला जुळते.

बोल्ट प्रथम हलके लावून आलटून-पालटून समोरच्या बाजूचे घेत थोडेथोडे आवळतात. एकच बाजू आधी आवळल्यास चक्र तिरके बसते. नंतर चाक फिरवून चक्र डगमगते का ते तपासतात. चक्र हबच्या मध्याशी जुळलेले आणि इंजिनाच्या लहान चक्राच्या सरळ रेषेत असावे लागते. अन्यथा चेन उतरते आणि स्पोकांत अडकून चाक जाम होऊ शकते.

रबर दबल्याने बोल्ट सैल होतात, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते पुन्हा आवळतात. हबलाच पकडणाऱ्या धातूच्या जोडकड्यावर चक्र बसवल्यास स्पोकांवर थेट ताण येत नाही. ही पद्धत अधिक टिकाऊ आहे.