दोन साच्यांवरून तीन साचे

रात्री अकरा वाजता मोबाइलवर कामाचा मेसेज येतो आणि झोप उडते. आज याला आपण तंत्रज्ञानाचा ताण म्हणतो. नाव नवे असले तरी मुंबईच्या गिरणगावाने हा ताण शंभर वर्षांपूर्वीच भोगला आहे.

सुरुवातीला गिरणी सूर्याच्या वेळेने चाले. उजाडले की भोंगा, अंधारले की सुट्टी. पुढे विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्याने कामगाराची संध्याकाळच काढून घेतली. त्याविरुद्ध संप झाले, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले.

दुसरा घाव वेगाचा होता. विणकर तेव्हा साधारण दोन साचे, म्हणजे माग, सांभाळत असे. १९२० च्या दशकात मंदी आली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली आणि मालकांनी तीन साच्यांची योजना आणली. हिशेब सोपा होता : तीनशे साच्यांना दीडशे माणसे लागत, ती आता शंभरच लागणार. पन्नास जण घरी, आणि उरलेल्यांच्या अंगावर दीडपट काम.

या साचेवाल्यांत आझमगड, बनारसकडून आलेले मोमीन विणकर बरेच होते. मदनपुऱ्यात त्यांची वस्ती. त्यांच्या घराण्यांत हातमाग पिढीजात होता. त्या मागाचा वेग हातापायांच्या हुकमात असे. थकवा आला की माग थांबे. गिरणीत धोटा यंत्राच्या गतीने धावे. कानठळ्या बसवणारा आवाज, सूत तुटू नये म्हणून सोडलेली वाफ, आणि कापूस हलका असला की सूत तरीही तुटायचेच. कापड खराब निघाले तर ते विणकराच्याच गळ्यात मारून पैसे पगारातून कापत. कापूस मालकाचा, यंत्र मालकाचे, चूक मात्र कामगाराची! अशा कामात जीव कसा रमावा? कामगार वारंवार गैरहजर राहतो, गावी पळतो, अशी मालकांची तक्रार असे. कामच त्याला पळवून लावते आहे, हे त्यांच्या हिशेबात धरले जात नव्हते.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने जादा साच्यांची योजना तत्त्वतः योग्य ठरवली. पण मजुरी किती आणि काम कोणत्या परिस्थितीत, हे प्रश्न विचारल्याशिवाय साचे वाढवता येत नाहीत, एवढे कामगारांनी सगळ्यांना ऐकवले होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन हलके, त्यात ॲप इंग्रजीत, आणि माहिती मात्र रोज भरायची. त्या मोबाइलच्या विरोधात नव्हत्या, जसा विणकरही साच्याचा दुश्मन नव्हता. ज्याच्या हातात यंत्र द्यायचे त्याला आधी विचारा, एवढेच दोघांचे म्हणणे होते.

म्हणून आपल्या दुकानात, शाळेत, कार्यालयात नवे ॲप आणताना आपणही एक प्रश्न विचारू या : यामुळे कोणाचा तिसरा साचा वाढतो आहे?