आजोबांची चाकं आणि दामदुप्पट

पनवेल म्हटलं की आज लोकांना एक्स्प्रेस वे आठवतो. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात मात्र या गावाची नोंद आहे ती बैलगाडीच्या चाकांसाठी. माझे आजोबा अशीच चाकं करायचे. लाकडासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि चाक विकलं की त्याचा वाटा पोचवायचा. कागदावर शंभर, हातात नव्वद. या कापून घेतलेल्या दहांना जुन्या वह्यांत मनोती म्हणत. आमच्यात व्याज हराम. पण लाकूडवाला हे ऐकून घेत नाही.

कोर्ट मात्र धर्म विचारायचं. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा दामदुप्पटीचा नियम धर्मशास्त्रातला, फार जुना. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो पाळत, पण ऋणको हिंदू असेल तरच. सावकार कोणीही असो. आजोबांना तो लागू नव्हता.

दुसरं दार 1879 सालचं. त्याआधी 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, रोखे आणि वह्या जाळल्या. दंगे नगर जिल्ह्यातही पसरले, चौकशी झाली आणि दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा प्रमाण धरायचा नाही, प्रत्यक्ष किती दिले आणि किती फेडले ते पहिल्या दिवसापासून तपासायचं, हा त्याचा गाभा. कर्जमाफीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. पण कायदा शेतकऱ्यांपुरता. चाक करणारा शेतकरी नव्हे. पुढे 1918 साली जबर व्याजाचे व्यवहार उकलण्याची मुभा न्यायालयांना मिळाली, पण त्यासाठी वकील लावायची ऐपत हवी!

अखेर 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने दामदुप्पट धर्म न पाहता सर्वांना दिली. व्यापाऱ्याचं कर्ज बहुतेक कलमांतून वगळलं, तरी व्याजाची ही मर्यादा त्यालाही ठेवली. छोट्या कारागिराला तर व्यापाऱ्यांत धरलंच नाही. हाच साचा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात आला. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

बाजारात आजही 10,000 लिहून 9,000 देतात आणि रोज 100 प्रमाणे 100 दिवस वसुली होते. व्याज 1,000 वाटतं, पण मुद्दल रोज फिटत असतं. वर्षाचा दर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. आता तर क्यूआर कोडवर जमणाऱ्या गल्ल्यातूनच हप्ता कापला जातो. अमेरिकेत अशा उचलीला कर्ज न म्हणता पुढच्या विक्रीची खरेदी म्हणतात, म्हणजे व्याजाचे कायदेच टाळता येतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2022 रोजी ठरवलं. मात्र त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरच्या कर्जांसाठी नियम केला: करार होण्याआधी सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारं माहितीपत्रक द्यायचं. कंपनीने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आमच्या शेजारचा बांगड्यांचा दुकानदार परवा फोन घेऊन आला. हप्ते कुठे जातात, कळत नव्हतं. ते पत्रक त्याच्या फोनमध्येच होतं, न उघडलेलं. आम्ही वही घेतली आणि खात्यात प्रत्यक्ष किती जमा झाले, तिथून लिहायला सुरुवात केली.