फाईल डिलीटच होत नाही? आधी समोरची पाटी वाचा

सेवा केंद्र, दूध डेअरी, शाळा, नाहीतर पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना लॅपटॉप, विंडोज कॉम्प्युटर असेल तिथं ही अडचण कधी ना कधी येतेच. फाईल निवडली, डिलीट दाबलं आणि कॉम्प्युटर नाही म्हणाला. बहुतेक जण समोर आलेली इंग्रजी पाटी न वाचता कॅन्सल दाबून टाकतात. पण कारण त्याच पाटीत लिहिलेलं असतं. इंग्रजी कळत नसेल तर मोबाईलच्या गूगल लेन्सने पाटीवर कॅमेरा धरा, मराठीत वाचता येईल.

'फाईल इन यूज' असं आलं तर ती फाईल कुठल्या तरी प्रोग्रॅमनं उघडून धरली आहे. दावं सोडल्याशिवाय जनावर हलत नाही, तसंच हे. कधी कधी पाटीतच एक्सेल किंवा वर्ड असं प्रोग्रॅमचं नाव असतं. तो बंद करा. दिसायला बंद असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत तो प्रोग्रॅम सापडला तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा. मात्र त्यात न सेव्ह केलेलं काम असेल तर ते जाईल, तेव्हा बघून करा.

फाईल कुणी धरलीय तेच कळत नसेल तर टास्क मॅनेजरमधूनच रिसोर्स मॉनिटर उघडता येतो. त्याच्या सीपीयू भागात 'असोसिएटेड हँडल्स' नावाची पट्टी आहे. तिथं फाईलचं नाव टाकून शोधलं की धरणारा प्रोग्रॅम दिसतो. व्हिडिओ किंवा पीडीएफ असेल तर फोल्डरच्या उजव्या बाजूचं प्रिव्ह्यूसुद्धा फाईल धरून ठेवतं. ऑल्ट आणि पी दाबून ते बंद करा.

एवढ्यानं नाही झालं तर रिस्टार्ट करा. आपल्याकडे शट डाऊन करून पुन्हा चालू करायची सवय आहे, पण ते वेगळं. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण मोकळा होत नाही, रिस्टार्ट केल्यावर होतो. तरीही हट्ट सुटला नाही तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन पुन्हा रिस्टार्ट आणि ४ आकडा. हा सेफ मोड. यात मोजकेच प्रोग्रॅम चालू असतात, म्हणून अडलेली फाईल बऱ्याचदा निघते.

अडकलेली प्रिंट

सेवा केंद्रवाल्यांचा खरा ताप हा. सातबाऱ्याची प्रिंट अडकते, कॅन्सल केली तरी 'डिलीटिंग' म्हणत बसून राहते आणि मागं माणसांची रांग. प्रिंटर बंद करा. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत प्रिंट स्पूलरवर राइट क्लिक करून स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. या शेवटच्या फोल्डरमधल्या फाईली काढा, फोल्डर मात्र ठेवा. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा आणि प्रिंटर चालू करा. अडकलेल्या सगळ्याच प्रिंट जातात, त्या नव्यानं द्याव्या लागतील.

परवानगी मागतो तेव्हा

'यू नीड परमिशन' म्हणजे त्या फाईलवर तुमच्या खात्याला अधिकार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरची डिस्क जोडली की हे होतं. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड इथं मालक बदलता येतो. पण फाईल विंडोज किंवा प्रोग्रॅम फाईल्स या फोल्डरमधली असेल तर हात लावू नका, नाही म्हणतोय ते बरोबरच म्हणतोय. 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं मोठं फोल्डर जागा खात असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्समधून काढा.

नाव फार लांब असलं तरी फाईल अडते. ड्राइव्हपासून फाईलपर्यंतचा सगळा पत्ता साधारण २६० अक्षरांच्या वर गेला की घोळ होतो. बाहेरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, मग निघते.

पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड 'राइट प्रोटेक्टेड' दाखवत असेल तर कार्डाच्या अडॅप्टरच्या कडेचं बारीक लॉक बघा. लॉक नाही, डिलीट होतंय, पण काढून पुन्हा लावलं की फाईली परत हजर, असं असेल तर कार्ड बहुधा संपत आलंय. त्यातले फोटो आधी दुसरीकडे उतरवा. दुरुस्तीवर पैसे घालू नका, नवीन घ्या. आणि 'कुठलीही फाईल डिलीट करा' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर अनोळखी साइटवरून उतरवू नका, त्यातूनच व्हायरस येतात.

आता गिऱ्हाइकांसाठी. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ओळखीच्या माणसाला ते सहज जुळवता येतं. म्हणून काम झालं की डाउनलोड्समधली आपली फाईल समोर काढायला लावा. फाईल 'इन यूज' म्हणाली तर ब्राउझर किंवा पीडीएफ बंद करायला सांगा. नंतर रिसायकल बिनसुद्धा रिकामा करून घ्या. तिथं आपलं व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर मोबाईलमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तो कॉम्प्युटर लॉग आउट करा, दुकानातून निघायच्या आधीच.