व्ही-मेल आणि आजोबांचं अक्षर

आजोबा मुंबईत गिरणीत होते, आजी गावाकडे. गेल्या मे महिन्यात मी तिच्या ट्रंकेतली त्यांची निळी आंतरदेशीय पत्रं टाइप केली आणि ती फाइल मोठ्या कौतुकाने तिला फोनवर दाखवली. ती म्हणाली, "ह्ये कुनी लिवलंय रं?"

आजीला वाचता येत नाही. पत्र शेजारचा मुलगा वाचून दाखवायचा. तिच्या ओळखीचं होतं ते फक्त आजोबांचं अक्षर आणि मी नेमकं तेच पुसून टाकलं होतं.

असाच पेच दुसऱ्या महायुद्धात पडला होता. सैनिकांच्या टपालाचं वजन अफाट आणि जहाजा-विमानांत जागा कमी. ब्रिटनने १९४१ मध्ये 'एअरग्राफ' सुरू केलं, अमेरिकेने १९४२ मध्ये 'व्ही-मेल'. ठरावीक कागदावर हाताने पत्र लिहायचं, सेन्सॉरने तपासायचं, मग मायक्रोफिल्मवर त्याचा फोटो काढायचा. प्रवास फक्त फिल्मचा. पलीकडे तिच्यावरून छोटी प्रत छापून घरपोच मिळायची. दीड लाख एकपानी पत्रांना ३७ पोती लागायची, ती एका पोत्यात मावू लागली. २५७५ पौंडांचं ओझं ४५ पौंडांवर आलं.

म्हणजे हे कॉम्प्रेशनच! पण त्यात कागद गेला, आकार गेला, अक्षर मात्र राहिलं. काही गोष्टी हरवल्याच. पत्रावर उमटवलेल्या ओठांची लिपस्टिक यंत्रांना चिकटायची, म्हणून तिला मनाई करावी लागली. पत्रासोबत फूल किंवा फोटो घालायचीही सोय नव्हती. त्यामुळे व्ही-मेल असूनही लोक साधी पत्रं लिहीतच राहिले.

हे वाचल्यावर मी पुन्हा गावी गेलो. या वेळी प्रत्येक पत्र रंगीत स्कॅन केलं, दोन्ही बाजूंनी, घड्या आणि टपालाच्या शिक्क्यांसकट. टाइप केलेला मजकूर टाकला नाही. शोधायला सोपं जावं म्हणून तो खाली जोडला.

आजीला दोन बोटांनी चित्र मोठं करायला शिकवलं. एका पत्रावर ती थांबली. "तवा ताप हुता त्येंना. हात बघ की कसा कापलाय."

मी खालचा मजकूर पुन्हा वाचला. तापाचा उल्लेख कुठेच नव्हता. लिहिलं होतं, 'मी येथे खुशाल आहे.'