ग्रॅनी क्लाउड

ग्रॅनी क्लाउड : परदेशी राहणाऱ्या, बहुतांशी ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांनी स्काइप या तेव्हाच्या व्हिडिओ-कॉल सेवेवरून भारतातल्या शाळकरी मुलांशी इंग्रजीत गप्पा मारण्याचा उपक्रम. सुरुवात २००९ मध्ये. नावात आजी असली तरी या मंडळींत पुरुष आहेत, शिक्षक आहेत, नातवंडे नसलेली माणसेही आहेत. मोबदला कोणी घेत नाही. धडा शिकवणे हे आजीचे काम नव्हे. गोष्ट वाचायची, गाणे म्हणायचे, मुलांनी काय केले ते विचारायचे आणि मनापासून कौतुक करायचे.

कल्पना सुगाता मित्रा यांची. दिल्लीत एनआयआयटी या कंपनीत असताना त्यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी कालकाजीतल्या कार्यालयाच्या कुंपणभिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीच्या बाजूने एक संगणक बसवला. कोणी न शिकवता मुले तो चालवू लागली. ‘भिंतीतले भोक’ म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. त्यानंतर हैदराबादच्या कमी फीच्या खासगी शाळांत त्यांनी मुलांपुढे आणखी एक संगणक ठेवला. बोललेले शब्द पडद्यावर उमटवणारा प्रोग्रॅम त्यात होता. मुलांचे तेलुगू वळणाचे इंग्रजी त्याला कळेना आणि तो भलतेच काहीतरी छापू लागला. मग मुलांनीच आपले उच्चार घासूनपुसून घेतले. या प्रयोगावरचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजी मात्र आली ती दक्षिणेतल्या कालिकुप्पम या गावातून. तिथल्या तमिळभाषक मुलांपुढे मित्रा यांनी इंग्रजीतली जीवशास्त्राची सामग्री ठेवली. विषय होता डीएनएची प्रत कशी तयार होते. शिक्षक नव्हताच. काही महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा शून्याच्या आसपास असलेले गुण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. पुढे गावातल्या २२ वर्षांच्या एका तरुणीला मित्रा यांनी विनंती केली. हिशेबाचे काम करणाऱ्या त्या मुलीला विषयाची माहिती नव्हती. आजी जशी पाठीशी उभी राहून ‘अरे वा, हे कसे जमले तुला?’ म्हणते, तसे करायचे, एवढेच तिला सांगितले. गुण ५० टक्क्यांच्या जवळ पोचले. त्या मुलीने शिकवले काहीच नाही, मुलांना तिला काहीतरी दाखवायची ओढ लागली. पुढचा सगळा उपक्रम या ओढीवर उभा आहे.

मित्रा २००६ पासून इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात होते. स्काइप कशासाठी वापरायला आवडेल, असे त्यांनी भारतातल्या मुलांना विचारले होते. ब्रिटिश आजीकडून परीकथा ऐकायला, असे उत्तर मिळाले. त्यासाठी आपसांत वर्गणी काढून आठवड्याला एक पौंड द्यायचीही मुलांची तयारी होती. ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रातून २००९ मध्ये आवाहन झाले : घरी इंटरनेट आणि वेबकॅम असेल तर आठवड्यातला एक तास द्या. सुमारे २०० जण पुढे आले.

मित्रा यांना २०१३ मध्ये टेड पारितोषिकाचे १० लाख डॉलर मिळाले. त्यातून मुलांनी संगणकावर स्वतः शिकण्यासाठी ‘स्कूल इन द क्लाउड’ नावाच्या सात खोल्या उभ्या राहिल्या, दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. पश्चिम बंगालमध्ये गोचरण, कोराकाटी आणि चंद्रकोना, दिल्लीत कालकाजी, आणि महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातले फलटण.

फलटणची निवड मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. इथली खोली प्रगत शिक्षण संस्थेच्या आवारात उभी राहिली. संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकी. भाषाविज्ञानाच्या अभ्यासासाठी त्या १९६६ मध्ये फलटणला आल्या, फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तके त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर तयार केली. त्यांची शाळा, कमला निंबकर बालभवन, मराठी माध्यमाची. मुलाने आधी आपल्या भाषेत मोकळेपणी वाचावे, लिहावे, बोलावे, हा तिचा आग्रह. अशा शाळेतल्या मुलांना पडद्यावर इंग्रजी बोलणारी आजी भेटली. इंग्रजीसाठी माध्यम बदलावे लागते, ही समजूत इथे उघडी पडते. ज्या मुलाला मराठीत सांगण्यासारखे पुष्कळ असते, ते तुटक्या इंग्रजीतही ते सांगायला धडपडते. आजीला मराठी येत नाही, हे उलट फायद्याचेच. एखादा शब्द अडला की मुले आपसांत मराठीत खल करतात, हातवारे करतात, चित्र काढून कॅमेऱ्यापुढे धरतात आणि वाट काढतात.

पडद्याच्या अलीकडे बसणाऱ्या माणसाची नोंद मात्र फार कमी वेळा घेतली जाते. खोली उघडायची, वीज आहे का पाहायचे, जोडणी तुटली की पुन्हा लावायची, मागे बसलेल्या अबोल मुलीला पुढे आणायचे, ही कामे स्थानिक माणूसच करू शकतो. आज्या आणि शाळा यांची सांगड घालण्याचे मोठे काम पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी केले. सुंदरबनातल्या कोराकाटीत तर नेटवर्क मिळवण्यापासूनच लढाई होती. जेरी रॉथवेल यांच्या २०१८ च्या माहितीपटात ती दिसते.

टीकाही झाली आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. संशोधक मार्क वॉरशॉअर यांनी दिल्लीतल्या भिंतीतल्या संगणकाबद्दल लिहिले, की इंटरनेट क्वचितच चाले आणि मुले बहुतेक वेळ खेळ आणि चित्रे काढण्यात घालवत. संशोधक पायल अरोरा यांना उत्तराखंडातली भिंतीतल्या संगणकांची अशीच केंद्रे बंद पडलेली आढळली. हे आक्षेप मुख्यतः भिंतीतल्या संगणकावरचे आहेत. पडद्यावर जिवंत माणूस आणि खोलीत सांभाळणारे कोणी असेल, तर त्यांतले बरेच गळून पडतात.

ऑनलाइन इंग्रजीच्या बाजाराशी तुलना केली की या उपक्रमाचे वेगळेपण कळते. बीजिंगमध्ये २०१३ मध्ये निघालेल्या व्हीआयपीकिड या कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या शिक्षकांना चिनी मुलांशी २५ मिनिटांच्या पाठांसाठी जोडले. २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसून शिकवणाऱ्यांना मनाई झाली आणि तो धंदा आटला. फलटणच्या आजीला वेळेचे पैसे नव्हते, तसा पाठ संपवायचा तगादाही नव्हता.

वेळ जुळवण्याची कसरत मात्र दोन्ही उपक्रमांत सारखीच. उन्हाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो. दुपारी २ वाजता मुले पडद्यासमोर बसली, की तिकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे जातात. फलटणच्या शाळेची घंटा आपल्या वेळेलाच होते, आणि आजीला साडेआठलाच संगणक लावून बसावे लागते.